जिप्सीसाठी फेंडर फ्लेअर निवडताना

सप्टेंबर २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशात स्पीतीच्या वाटेवर ग्रांफूहून बातलकडे जाताना आमच्या जिप्सीच्या पुढच्या डाव्या चाकाने उडवलेला एक दगड दाराच्या खालच्या भागावर इतक्या जोरात आदळला की पत्र्याला सुपारीएवढा खड्डा पडला आणि भोवतीचा रंग खपल्यासारखा निघून आला. त्या रस्त्यावर मैलोन्‌मैल गोटेच आहेत आणि मधून मधून ओढे रस्त्यावरून वाहतात, त्यामुळे दगड उडणार हे गृहीतच होते. पण संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर मी गाडीभोवती फिरलो, तेव्हा दोन्ही दारांच्या खालच्या पट्टीवर, पायरीवर आणि मागच्या चाकांवरच्या कमानींच्या पुढच्या कडेवर बारीक टवके उडालेले दिसले. बाजूचे आरसे चिखलाने पूर्ण झाकले गेले होते. साडेचार हजार मीटरांहून उंच असलेली कुंझुम खिंड दुसऱ्या दिवशी ओलांडायची होती आणि मी दर तासाला खाली उतरून आरसे पुसत होतो. चाकांवर कमानीबाहेर येणारे आच्छादन, म्हणजे ज्याला सगळे फेंडर फ्लेअर म्हणतात ते, आमच्या गाडीला नव्हते.

खरे तर ते असायला हवे होते. मूळ जिप्सी १९८५ मध्ये आली तेव्हा तिच्या चाकांमधले अंतर कमी होते. १९९३ मध्ये मारुतीने पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांवर हे अंतर ९० मिलिमीटरने वाढवले आणि चाके प्रत्येक बाजूला ४५ मिलिमीटर बाहेर आली. बॉडीचा पत्रा मात्र तेवढाच राहिला, म्हणून चाक झाकण्यासाठी चारही कमानींवर फ्लेअर आले. रुंद जिप्सी दुरून ओळखायची खूण तीच होती. आमची गाडी २०११ची, १२९८ सीसी इंजिनाची, आणि ती मी २०२२ मध्ये दुसऱ्या मालकाकडून घेतली. त्या मालकाने मूळ फ्लेअर काढून टाकले होते, त्यांच्या स्क्रूची भोके एम-सीलने बुजवून वर रंग मारला होता आणि मूळच्या लोखंडी रिमांच्या जागी सात इंच रुंदीच्या अलॉय रिमांवर २३५/७५ आर१५ मापाचे, म्हणजे २३५ मिलिमीटर रुंद आणि १५ इंची रिमाचे, टायर चढवले होते. घेताना मला ती चाके आवडली होती, हेही येथे नोंदवायला हवे.

स्पीतीहून परतल्यावर मी जे सर्वप्रथम केले ते चुकीचे होते. मी फ्लेअर शोधू लागलो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी केली, दिल्लीच्या विक्रेत्यांना फोन केले, पुण्यात नाना पेठेत एक शनिवार घालवला. जिप्सीसाठी तयार मिळणारे संच बहुतेक करून दोन प्रकारचे होते. एक मूळ मापाचा, अरुंद. दुसरा चार इंच, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर बाहेर येणारा, ज्यावर दिसायला दणकट वाटावे म्हणून मोठ्या बोल्टांची डोकी बसवलेली असतात. दुसऱ्या संचाचे पैसे मी जवळपास भरलेच होते. माझे टायर बाहेर येतात, म्हणून मोठा फ्लेअर हवा, इतका सरळ हिशोब माझ्या डोक्यात होता.

कोल्हापुरात माझ्या गाडीचे काम करणारे मिस्त्री वयाने साठीच्या पुढचे आहेत आणि सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी फोटो पाहिला, फोन परत दिला आणि विचारले, “चाक किती बाहेर आहे ते मोजलं का?” मी मोजले नव्हते. त्यांनी गवंड्याकडून ओळंबा आणायला सांगितले.

पुढचा रविवार सकाळपासून दुपारपर्यंत या मोजणीत गेला, आणि या सगळ्या प्रक्रियेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा दिवस तोच होता. गाडी सपाट फरशीवर उभी केली, चाके सरळ केली, चारही टायरांत हवा सारखी भरली. कमानीच्या सर्वांत उंच बिंदूवर चिकटपट्टीने दोरा लावून ओळंबा खाली सोडला आणि तो स्थिर होईपर्यंत माझ्या मुलीने श्वास रोखून धरला. मग दोऱ्यापासून दोन अंतरे मोजली. पहिले टायरच्या बाजूचा फुगवटा जिथे सर्वांत जास्त बाहेर येतो तिथपर्यंतचे, आणि दुसरे रस्त्याला लागणारी नक्षी जिथे संपते त्या कडेपर्यंतचे. ही दोन मापे वेगळी ठेवायला हवीत, कारण दगड आणि चिखल उडतो तो नक्षीतून. बाजूची भिंत थोडी बाहेर राहिली तर गाडी फार घाण होत नाही. नक्षीची कड उघडी राहिली तर दार, आरसा आणि मागून येणारा दुचाकीस्वार यांपैकी कोणीच सुटत नाही. पुढच्या डाव्या चाकाचा फुगवटा पत्र्यापासून ८४ मिलिमीटर बाहेर निघाला आणि उजव्या चाकाचा ७५.

या ९ मिलिमीटरच्या फरकावर मामा थांबले. जिप्सीला चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, आणि अशा गाडीत आस आडवा सरकू नये हे कामही पाट्यांनाच करावे लागते, त्यासाठी वेगळा दांडा नसतो. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश झिजले की संपूर्ण आस एका बाजूला काही मिलिमीटर सरकून बसतो. तसेच झाले होते. पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दोन शॅकलचे बुश बोटाने हलवता येत होते. ते बदलल्यावर डावी-उजवी तफावत ३ मिलिमीटरवर आली. बुश न बदलता मी फ्लेअर बसवले असते तर एक बाजू घासली असती आणि मी दोष फ्लेअरला दिला असता.

त्याहून मोठा प्रश्न रिमांचा होता. मामांकडे एका जिप्सीचे मूळ साडेपाच इंची लोखंडी रिम पडून होते आणि त्यावर २१५/७५ आर१५ टायर चढवलेला होता. आम्ही तो माझ्या गाडीला लावून पुन्हा ओळंबा सोडला. फुगवटा ८४ वरून ४३ मिलिमीटरवर आला आणि नक्षीची कड ३६ मिलिमीटरवर. म्हणजे जे झाकण्यासाठी मी १०० मिलिमीटरचे फ्लेअर घेणार होतो, त्यातले अर्धे अंतर त्या रिमांनी आणि रुंद टायरांनी निर्माण केले होते. रिमचा मधला भाग, म्हणजे बोल्ट बसतात ती तबकडी, रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे यावर चाक किती बाहेर उभे राहते ते ठरते, आणि त्या अलॉयमध्ये ती तबकडी मूळ रिमपेक्षा बरीच आत होती. चाक असे बाहेर गेले की चाकाच्या बेअरिंगवर आणि पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या किंगपिनवर जादा भार येतो, स्टेअरिंग जड होते आणि खड्ड्यात ते हाताला झटके देते. स्पीतीत संध्याकाळी माझे खांदे का दुखत होते, याचे उत्तर मला मोजपट्टीवर मिळाले.

टायरच्या मापाचाही हिशोब येथेच करून घेतला. मूळ २०५/७० आर१५ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर असतो, २१५/७५ चा साधारण ७०४ आणि २३५/७५ चा ७३४. शेवटच्या टायरने गाडी जमिनीपासून ३३ मिलिमीटर वर उचलली जाते हे खरे, पण १३०० सीसीच्या इंजिनाला घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जी दमछाक होत होती ती त्याचीच किंमत होती. २१५ मध्ये उंची १८ मिलिमीटरने वाढते आणि वेगदर्शक काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ च्या आसपास असते. एवढी तडजोड मला लांबच्या प्रवासासाठी योग्य वाटली.

कायद्याचा विचार मी टाळला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली आहे. माझ्या गाडीला २०२६ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होऊन नोंदणीचे नूतनीकरण करावे लागणार होते. तपासणीच्या वेळी निरीक्षकासमोर बाहेर आलेली चाके घेऊन उभे राहण्याची माझी इच्छा नव्हती, आणि दंडाच्या भीतीपेक्षाही अपघात झाल्यास विमा कंपनीने बोट ठेवावे असे काही गाडीवर असू नये असे मला वाटत होते. जिप्सीची रुंदी कंपनीच्या पत्रकात १५४० मिलिमीटर आहे. माझ्या गाडीच्या उघड्या कमानींवर मोजलेली रुंदी १४६० भरली. दोन्ही बाजूंना ४५ मिलिमीटरचे फ्लेअर लावले तर ती १५५० होते, म्हणजे मूळ गाडीपेक्षा फक्त एक सेंटिमीटर जास्त. १०० मिलिमीटरचे लावले असते तर १६६० झाली असती. ज्याने कोकणात दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असलेल्या पाणंदीतून समोरून येणाऱ्या टेम्पोला वाट दिली आहे, त्याला या अकरा सेंटिमीटरांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

अलॉय मी २२,००० रुपयांना विकले. दिल्लीतल्या मायापुरीच्या जुन्या बाजारातून पाच लोखंडी रिम ट्रान्सपोर्टने मागवले; त्यातले एक वाकडे निघाले आणि ते लेथवाल्याकडून सरळ करून स्टेपनीला ठेवले.

आता साहित्याचा प्रश्न उरला. मूळ मापाचा तयार संच एबीएस प्लास्टिकचा होता, आणि तो ४० मिलिमीटरचा असल्यामुळे माझ्या ४३ मिलिमीटरच्या फुगवट्याला थोडा अपुरा पडत होता. एबीएस हलके असते, गुळगुळीत असते आणि फांदी घासली तर लवून परत जागेवर येते. पण त्यावर ऊन सोसणारा थर नसेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत ते पांढरट पडून ठिसूळ होते, आणि स्पीतीसारख्या थंडीत त्याची लवचिकता आणखी कमी होते. मला दाखवलेल्या संचाच्या मागच्या बाजूला जाडी कोपऱ्यांत निम्म्यावर आलेली दिसली, कारण तापवलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ओढताना कोपऱ्यात तो ताणला जातो. फ्लेअर विकत घेणाऱ्याने तो उलटा करून कोपरा अंगठ्याने दाबून पाहावा, एवढे मी आग्रहाने सांगेन.

रबराची पट्टी मीटरवर मिळते आणि कोणत्याही कमानीवर बसते. ती मी एका मित्राच्या जीपवर पाहिली होती. उन्हाने तिची बाहेरची कड वर वळली होती आणि चिखलाचे पाणी तिथून सरळ काचेवर येत होते. लोखंडी पत्र्याचे फ्लेअर वेल्डिंग करून बसवण्याचा सल्लाही मिळाला. तो मी ऐकला नाही, कारण दगडाला आपटल्यावर लोखंडी फ्लेअर स्वतः मोडत नाही, तो धक्का बॉडीच्या पत्र्याला देतो, आणि दूरच्या प्रवासात मला मोडणारी वस्तू फ्लेअर हवी होती, कमान नव्हे.

शेवटी फायबर, म्हणजे काचतंतूची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन. फायबरचे दोष मला माहीत होते. मार बसला की ते लवत नाही, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. पण त्याची दुरुस्ती रस्त्याच्या कडेला करता येते. हातभर चटई, पाव लिटर रेझिन, हार्डनरची बाटली आणि एक ब्रश, एवढे साहित्य सीटखाली मावते आणि उन्हात तासाभरात तुकडा पुन्हा उभा राहतो. शिवाय हवे ते माप मिळते. शिरोली औद्योगिक वसाहतीत बसच्या पुढच्या-मागच्या भागांचे फायबरकाम करणारा एक छोटा कारखाना आहे. तिथल्या कारागिराने चार फ्लेअरचे साच्यासह १४,००० रुपये सांगितले. तयार एबीएस संच ९,५०० ला होता. हे ४,५०० रुपये मी माझ्या मापाच्या ४५ मिलिमीटरसाठी मोजले आणि त्याबद्दल मला आजही समाधान आहे.

साचा करण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करावा ही कल्पना कारागिराची होती. फ्रीजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून आम्ही कमानीचा आकार कापला, ४५ मिलिमीटर बाहेर येईल असा वाकवला आणि चिकटपट्टीने लावला. मग टायरच्या वरच्या कडेला खडू फासला, पुढचे डावे चाक दगडांच्या चळतीवर फूटभर चढवले आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवले. पाट्यांच्या गाडीत एक चाक वर गेले की आस कलतो आणि चाकाचा माथा आत झुकतो, म्हणून वरच्या बाजूला काहीच लागले नाही. खडूची पांढरी रेघ उमटली ती भलत्याच ठिकाणी, पुठ्ठ्याच्या पुढच्या खालच्या टोकावर, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे असताना. तिथे आम्ही २० मिलिमीटर कापले आणि पुन्हा पाहिले. नंतर दार पूर्ण उघडून पाहिले, कारण जिप्सीचे दार पुढच्या कमानीला अगदी लागून आहे आणि फ्लेअरचा मागचा भाग जाड ठेवला असता तर दार त्यावर आदळले असते. फ्लेअर मागे-पुढे किती खाली आणावा याला मी युरोपातील चाक-आच्छादनाच्या नियमाचा आधार घेतला. चाकाच्या मध्यातून वर उभी रेघ कल्पिली, तर तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरची नक्षी पूर्ण झाकलेली असावी असे तो सांगतो. मागची बाजू जास्त का, हे चिखल कोणत्या दिशेने उडतो ते पाहिले की कळते. मुलीने शाळेच्या कोनमापकाने पुठ्ठ्यावर त्या दोन रेघा मारल्या.

मे २०२४ मध्ये फ्लेअर तयार झाले, आणि बसवण्याच्या दिवशी एम-सीलचे गुपित बाहेर आले. जुन्या भोकांवरचे एम-सील पेचकसाने टोकरताच ते सोललेल्या खपलीसारखे उचलले गेले आणि आत पत्रा तपकिरी भुसा झालेला होता. डाव्या मागच्या कमानीत तर पेचकस आरपार गेला. पाणी आत शिरायला वाट होती, बाहेर पडायला नव्हती. गाडीचा पत्रा बहुतेक वेळा असाच जातो. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, घासला, झिंक प्रायमरचे दोन हात दिले. या कामाला पाच दिवस लागले आणि ते फ्लेअर बसवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे होते.

नवी भोके मामांनी एकेक करून पाडली. प्रत्येक भोकाची कड कानशीने साफ केली, त्यात छोट्या ब्रशने झिंक प्रायमर भरला, वाळल्यावर रंग, आणि त्यावर दार-पोकळीत मारतात तो मेणाचा थर. एका फ्लेअरला आठ, असे बत्तीस बोल्ट, सहा मिलिमीटर जाडीचे, दहा नंबरच्या पान्याने फिरणारे. बोल्ट स्टेनलेसचे घेतले, पण साध्या लोखंडी पत्र्याला स्टेनलेस थेट टेकले आणि त्यात खारे पाणी आले की गंज पत्र्याला लवकर धरतो, म्हणून प्रत्येक बोल्टाखाली दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर दिले. प्रत्येक फ्लेअरच्या दोन्ही खालच्या टोकांना मात्र नायलॉनचेच बोल्ट लावले. दगडाला टोक अडकले तर हे बोल्ट तुटावेत आणि फ्लेअर सुटावा, पत्रा फाटू नये, हा त्यामागचा हेतू.

पत्रा आणि फ्लेअर यांच्यामध्ये रबरी बीडिंग फक्त वरच्या अर्ध्या भागात दिली. कारागीर सगळीकडे सिलिकॉन भरून बंद करायला तयार होता, ते दिसायला सफाईदार दिसते. मी नको म्हणालो. वरून पाणी येऊ नये, पण जे येईल ते खालून निघून जावे. रंगही गाडीचा पांढरा न देता खरखरीत काळा दिला, कारण फांद्यांचे ओरखडे त्यावर दिसत नाहीत आणि दिसले तर हाताने पुसट करता येतात.

त्या पावसाळ्यात आम्ही गगनबावड्याकडे चार वेळा गेलो. तो महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे, आणि भुईबावडा घाटाच्या खाली उतरले की लाल चिखल लागतो. दारांच्या खालच्या पट्टीवर चिखल आला, पण आरसे स्वच्छ राहिले आणि काच उघडी ठेवून गाडी चालवता आली, जे आधी शक्यच नव्हते. मागच्या चाकांना फ्लेअरबरोबर रबरी मड-फ्लॅपही लागतात हे तेव्हा लक्षात आले. फ्लेअर बाजूला उडणारे थोपवतो, मागे उडणारे नाही. ते जुलैत लावले. ऑगस्टमध्ये करवंदीच्या जाळीत शिरताना उजव्या मागच्या फ्लेअरचे खालचे टोक एका मुळात अडकले, नायलॉनचा बोल्ट तुटला आणि टोक लोंबू लागले. दुसरा बोल्ट लावायला पाच मिनिटे लागली. कमानीच्या पत्र्यावर ओरखडाही नव्हता.

नोव्हेंबरमध्ये मी चारही फ्लेअर काढले, मुद्दाम. आत काय साठते ते मला पाहायचे होते. पुढच्या दोन्हींत वाळलेल्या लाल मातीचा पातळ थर होता, बोटाने खरवडला की पडणारा. मागच्या डाव्यात मात्र मूठभर माती आणि कुजलेली पाने अडकली होती, कारण तिथे बीडिंगचे टोक आम्ही दोन इंच जास्त खाली आणले होते. ते कापले. बत्तीस भोकांपैकी तीन भोकांच्या कडेला केसाएवढी तपकिरी रेघ दिसली. तिथे मेण पोहोचले नव्हते. ती कानशीने घासली, पुन्हा प्रायमर दिला, रात्रभर वाळू दिले आणि सकाळी दहा नंबरचा पाना घेऊन मुलीने आणि मी फ्लेअर परत बसवले.